कोपरखळी आणि तगादा

कर्जाचा विषय निघाला की लोक मला हटकून एक प्रश्न विचारतात. खिशात पैसे असताना माणूस हप्ता चुकवतो तरी कसा? ज्याच्याकडे नाहीतच त्याचं समजू शकतं. पण पगार झालेला आहे, खात्यात शिल्लक आहे, हप्ता अवघा बावीसशेचा आहे, आणि तरी तो महिना-महिना लोंबकळतो. लगोलग दुसरा प्रश्न येतो: मग बँकेने त्याला दिवसातून दहा फोन केले तर बिघडलं कुठे?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्या गावच्या किराणा दुकानदाराला ठाऊक होतं. तिथूनच सुरुवात करू.

१. वहीतलं एक पान

माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. किराणा उधारीवर यायचा आणि पगार झाला की चुकता व्हायचा. निदान ठरलं तरी तसं होतं. एखाद्या वर्षी लग्नकार्य निघायचं, दुखणं यायचं आणि बाकी साचत जायची. दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी शेठ रस्त्यात भेटायचा आणि उभ्या उभ्याच म्हणायचा, “गुरुजी, लक्ष्मीपूजनाला नवी वही घालायचीय. आळीतल्या सगळ्यांची पानं मिटली, तुमचं एक राहिलंय बघा.” बस्स. रकमेचा उच्चार नाही, आवाज चढवणं नाही. वडील घरी यायचे ते थेट कपाटापाशीच जायचे.

त्या वाक्यात किती माल भरलेला होता ते मला फार उशिरा कळलं. त्यात एक तारीख आहे आणि ती शेठने नव्हे, पंचांगाने ठरवली आहे. शेजारीपाजारी काय करून बसलेत याची बातमी आहे. आणि ‘बुडवे’ हा शब्द नाही. उलट, पान मिटलं की तुम्ही पुन्हा आळीतल्या चारचौघांसारखे, असं आश्वासनच आहे.

अशा युक्तीला वर्तन-अर्थशास्त्रात ‘नज’ म्हणतात. रिचर्ड थेलर आणि कॅस सन्स्टीन यांनी २००८ मध्ये याच नावाचं पुस्तक लिहिलं. थेलर यांना २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. नज म्हणजे शेजाऱ्याला कोपराने हलकेच ढोसणं. बंदी घालायची नाही, दंड लावायचा नाही, बक्षीसही द्यायचं नाही. माणसापुढे गोष्ट मांडण्याची रीत तेवढी बदलायची, म्हणजे योग्य पाऊल उचलणं त्याला सोपं जातं.

मराठीत याला कोपरखळी हा शब्द चपखल बसतो. मला तो मूळ शब्दापेक्षा प्रामाणिक वाटतो, कारण मराठीत कोपरखळी म्हणजे टोमणासुद्धा. डुलकी लागलेल्याला जागं करणारं आणि बरगडीत कळ आणणारं कोपर एकच असतं. वसुलीच्या बाबतीत हा दुसरा अर्थ विसरून चालत नाही.

२. दारातलं धरणं

धरणे म्हटलं की आज आपल्याला जिल्हाधिकारी कचेरीसमोरचा मंडप आठवतो. पूर्वी धनको ऋणकोच्या दारात धरणं धरून बसे. स्वतः उपाशी राही आणि आतल्यांच्या घशाखाली घास उतरू नये अशी वेळ आणी. ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८०९ मध्ये शिंद्यांच्या छावणीतून लिहिलेल्या पत्रांत या प्रकाराचं वर्णन आहे. पुढे १८६० च्या भारतीय दंडविधानात, दैवी कोपाची भीती घालून एखाद्याला काही करायला लावणं हा गुन्हा ठरला तेव्हा, कलम ५०८ खाली उदाहरण म्हणून दारातल्या धरण्याचाच दाखला दिला गेला.

धरण्याचं बळ लाजेत होतं. गल्ली बघत असते, पाहुणे येतात, बायकामुलांना मान वर करता येत नाही. आजच्या वसुलीच्या फोनमागेही तीच लाज आहे, पण एक मोठा फरक पडला आहे. दारात बसलेल्या माणसाला टाळता येत नसे. फोन टाळता येतो.

आणि माणूस टाळतोच. वाईट बातमीची शंका आली की तिच्याकडे बघायचंच नाही, या सवयीला अर्थशास्त्रज्ञ शहामृगाचं नाव देतात. बाजार पडत असताना गुंतवणूकदार आपलं खातं उघडून बघायचंच कमी करतात, असं २००९ च्या एका अभ्यासात दिसलं. (खरा शहामृग वाळूत डोकं खुपसत नाही. बदनामी मात्र त्याच्या गळ्यात पडली ती पडलीच.) थकलेल्या कर्जदाराचं तसंच होतं. पहिला फोन कामाच्या गडबडीत राहतो. तिसरा बघूनही उचलला जात नाही. दहाव्या फोनपर्यंत तो नंबरच त्याच्या पोटात गोळा आणतो. मग पैसे आले तरी ‘आता त्यांच्याशी बोलावं लागेल’ या धास्तीपोटी भरणा पुढे ढकलला जातो. खिशात पैसे असून हप्ता का चुकतो, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

३. विसरणं नावाचं साधं कारण

उरलेल्या अर्ध्यातला बराच भाग विसरण्याचा असतो. हे कारण इतकं साधं आहे की वसुली खात्यात त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. “विसरलो साहेब” हे त्यांनी हजारदा ऐकलेलं असतं.

युगांडातल्या एका सूक्ष्मवित्त संस्थेत शिमेना कडेना आणि आंतोआनेत शोअर या दोघींनी ते तपासून पाहिलं. त्यांनी काही कर्जदारांना सांगितलं, सगळे हप्ते वेळेवर भरलेत तर शेवटी व्याजाचा चौथा हिस्सा परत मिळेल. दुसऱ्या गटाला पुढच्या कर्जावर सवलत कबूल केली. तिसऱ्या गटाला काहीच देऊ केलं नाही. हप्त्याच्या काही दिवस आधी मोबाइलवर एक संदेश तेवढा पाठवला. आता गंमत बघा: एका साध्या संदेशाने वेळेवर भरण्याचं प्रमाण जेवढं वाढलं, जवळपास तेवढंच रोख सवलतीने वाढलं. व्याजातली सूट संस्थेला महागात पडते. संदेशाला पैशाची चिल्लर पुरते.

‘आधी’ हा शब्द लक्षात ठेवा. आपल्याकडे पुष्कळदा हप्ता परत गेल्यावर, म्हणजे खात्यातून आपोआप होणारी वजावट शिलकीअभावी फसल्यावर आणि तिचा दंड बसल्यावर, संदेश येतो. तोवर ती आठवण राहत नाही, पंचनामा होतो.

४. दहातले नऊ

शेठच्या ‘सगळ्यांची पानं मिटली’ची सर्वांत प्रसिद्ध चाचणी ब्रिटनमध्ये झाली. तिथल्या सरकारने २०१० मध्ये वर्तनाचा अभ्यास करणारं एक पथक नेमलं. २०११ मध्ये कर खात्याने एक लाखाहून जास्त थकबाकीदारांना पत्रं पाठवली. काहींना नेहमीचं, काहींना एखाद-दुसरी ओळ बदललेलं. कोणाला कुठलं जाईल हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलेलं, म्हणजे फरक पडला तर तो ओळीमुळेच पडला असं खात्रीने म्हणता येतं. सगळ्यांत प्रभावी ठरलेल्या पत्राचा आशय असा: देशातली दहापैकी नऊ माणसं कर वेळेवर भरतात, न भरलेल्या फार थोड्यांपैकी तुम्ही एक आहात. नेहमीच्या पत्राच्या तुलनेत या पत्राने तेवीस दिवसांत भरणाऱ्यांचं प्रमाण सुमारे पाच टक्के-बिंदूंनी वाढलं. दर शंभरात पाच जण जास्त, आणि खर्च शाईचा.

ही कराची थकबाकी होती, कार्डाची किंवा गाडीच्या कर्जाची नव्हे. तरी वसुलीच्या धंद्याने हा धडा लगेच उचलला आणि बरेचदा उलटा गिरवला. कारण या युक्तीत एक खड्डा आहे.

अमेरिकेत ॲरिझोना राज्यात एक राष्ट्रीय उद्यान आहे. दगड झालेलं प्राचीन लाकूड तिथे विखुरलेलं आहे आणि पर्यटक त्याचे तुकडे खिशात घालून नेतात. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी तिथे पाट्या लावून पाहिल्या. ‘आजवर पुष्कळ लोकांनी तुकडे नेल्याने उद्यानाचं रूप बिघडलं आहे’ अशी पाटी जिथे होती, तिथे चोरी ‘कृपया नेऊ नका’ एवढ्याच विनंतीच्या पाटीपेक्षा कितीतरी जास्त झाली. पाटीने आळ घातला खरा, पण सोबत बातमीही दिली: सगळे नेतात.

आता आपल्याकडचे फलक आठवा. ‘शहरात हजारो थकबाकीदार, कोट्यवधींची बाकी!’ वाचणारा मनात म्हणतो, म्हणजे मी काही एकटा नाही. महाराष्ट्रातल्या काही महापालिकांनी मालमत्ताकर थकवणाऱ्यांच्या दारात बँडही वाजवला. बातम्या झाल्या, काहींनी त्याच दिवशी धनादेश दिले. पण हे धरणंच आहे, फक्त त्याला ताल आहे. ज्याच्या दारात बँड वाजला तो पैसे देतो आणि दार लावून घेतो. पुढच्या वर्षी बिल बघताना त्याला शहरातले रस्ते आठवत नाहीत, तो बँड आठवतो.

५. बोलणारं तोंड कुणाचं?

फिलिपिन्समधल्या दोन बँकांनी छोट्या कर्जदारांना संदेश पाठवले. काहींत कर्जदाराचं स्वतःचं नाव घातलं, काहींत कर्ज देणाऱ्या अधिकाऱ्याचं. आपल्याला वाटेल, स्वतःचं नाव दिसलं की माणूस सावध होईल. पण फरक पडला तो अधिकाऱ्याच्या नावाने, आणि तोही ज्यांचं त्या अधिकाऱ्याशी आधीपासून काम पडलं होतं त्यांच्याच बाबतीत. बचत गटात हप्ता घेऊन बसलेल्या ताईंना हे सांगायची गरज नाही. ‘आपला प्रिय ग्राहक’ अशा हाकेला कोण ओ देतं? “वैशालीताई वाट बघतायत” याला द्यावी लागते.

इंडोनेशियातला प्रयोग मला त्याहून विचार करायला लावतो. तिथल्या एका इस्लामी बँकेने कार्डाची बाकी थकलेल्या ग्राहकांना एक नैतिक वाक्य पाठवलं: ज्याला फेडणं शक्य आहे त्याने न फेडणं हा अन्याय आहे. वाक्य धर्मवचनावर आधारलेलं होतं. पण धर्माचा उल्लेख गाळूनही परिणाम साधारण तेवढाच राहिला. नुसत्या आठवणीचा मात्र काही उपयोग झाला नाही. युगांडात जी आठवण लागू पडली, ती इथे का पडू नये? मला वाटतं, उत्तर वेळेत आहे. युगांडातला संदेश तारखेच्या आधी जात होता, इथला तारीख उलटून गेल्यावर. बाकी थकून बसलेल्या माणसाला बाकी आहे हे माहीत असतं. त्याला आठवण नको असते, कारण हवं असतं.

त्या वाक्यातलं ‘ज्याला शक्य आहे’ हे कलम फार मोलाचं आहे. ते काढलं की नीतीचं वाक्य शिवी होतं.

६. किमान रकमेचं कोपर

आतापर्यंतच्या कोपरखळ्या कर्जदाराला फेडीकडे ढकलणाऱ्या होत्या. क्रेडिट कार्डाच्या बिलावर एक आकडा मात्र असा असतो की तो माणसाला अलगद मागे ओढतो. ‘भरावयाची किमान रक्कम.’

उदाहरण करून पाहू. बाकी ४०,००० रुपये. किमान रक्कम ५ टक्के, म्हणजे २,०००. व्याज महिना साडेतीन टक्के धरू: १,४००. त्यावर १८ टक्के जीएसटी: २५२. दोन्ही मिळून १,६५२. तुम्ही इमानदारीत २,००० भरलेत, नवी खरेदी एका रुपयाचीही केली नाहीत, तरी मूळ बाकीतून ढोबळमानाने ३४८ रुपये गेले. बादलीला भोक आहे आणि आपण पेल्याने पाणी ओततो आहोत.

आता कोणी म्हणेल, किमान म्हणजे किमान, जास्त भरायला कोणी अडवलंय? अडवलं नाही, पण त्या आकड्याने मनात खुंटी ठोकली. भाजीवाल्याने ऐंशी सांगितले की आपण सत्तरवर घासाघीस करतो. त्याने पन्नासच सांगितले असते तर चाळीसवर केली असती. पहिल्यांदा कानावर पडलेल्या आकड्याभोवती मन फिरतं. वॉरिक विद्यापीठातल्या नील स्टुअर्ट यांनी २००९ मध्ये लोकांना एक लुटुपुटीचं बिल दिलं. पूर्ण बाकी न भरणाऱ्यांपैकी ज्यांच्या बिलावर किमान रक्कम छापलेली नव्हती त्यांनी सरासरी ४० टक्के बाकी भरायची तयारी दाखवली. जिथे छापलेली होती तिथे २३ टक्के. ग्राहक थकबाकीदार होऊ नये म्हणून ठेवलेला आकडा त्याला वर्षानुवर्षं कर्जात ठेवतो.

वसुलीची पत्रं लिहिणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवायला हवं. ‘निदान पाचशे तरी भरा’ म्हटलं की पाचशेच येतात.

७. रिकामा खिसा

इथवर वाचून एखादा वसुली अधिकारी खूश झाला असेल. योग्य शब्द, योग्य वेळ, योग्य नाव, की पैसा वसूल. त्याला थांबवायला हवं. कारण ज्याच्याकडे पैसे नाहीतच, त्याच्यावर कोपराचा उपयोग शून्य. नुसता शून्यही नाही, उलटा.

तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांवर झालेला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. उसाचं बिल एकरकमी येतं, हे सांगली-कोल्हापुरात कोणाला समजावायला नको. त्याच शेतकऱ्याची बुद्धीची चाचणी एकदा तोडणीआधी, हात आखडलेला असताना घेतली आणि एकदा तोडणीनंतर, बिल आल्यावर. माणूस तोच, पण तोडणीआधी तो स्पष्टपणे कमी पडला. पैशाची ओढाताण डोक्यातली जागा अडवते, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. म्हणजे ज्या आठवड्यात माणूस सर्वांत कमी नीट विचार करू शकतो, नेमक्या त्याच आठवड्यात त्याला सर्वांत जास्त फोन येतात.

अशा माणसासाठी शब्द बदलून उपयोग नाही, हप्ता बदलावा लागतो. कोलकात्यात एरिका फील्ड, रोहिणी पांडे आणि सहकाऱ्यांनी छोट्या कर्जदार बायकांपैकी काहींना आठवड्याऐवजी महिन्याचा हप्ता लावून दिला. सूक्ष्मवित्त क्षेत्रात समज अशी होती की आठवड्याची शिस्त ढिली केली की थकबाकी वाढणार. ती वाढली नाही. महिन्याचा हप्ता असलेल्या बायकांत फेडीच्या काळजीने ताण आल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण मात्र जवळपास निम्म्याने कमी झालं. कर्ज तेवढंच होतं, कोपर काढून घेतलं होतं.

८. कोपर कुठे थांबतं

बँकेच्या बाजूनेही एक घड्याळ चालू असतं. हप्ता एक दिवस चुकला तरी खातं देखरेखीच्या यादीत जातं. तीस आणि साठ दिवसांवर त्या यादीची पायरी बदलते आणि नव्वद दिवस उलटले की ते अनुत्पादक ठरतं, म्हणजे बँकेला त्यासाठी नफ्यातून पैसे बाजूला काढावे लागतात. ऐंशीव्या दिवशी फोनवरचा आवाज बदलतो त्याचं कारण हे.

तरी त्या आवाजाला मर्यादा आहेत. थकबाकीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही, नातेवाईक-मित्रांना त्रास द्यायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलं आहे. सूक्ष्मवित्त कर्जांसाठी तर वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. त्याच वर्षी कर्ज देणाऱ्या मोबाइल ॲपांना ग्राहकाच्या फोनमधली नावांची यादी आणि छायाचित्रं यांना हात लावायची मनाई झाली. त्याआधी काही ॲपवाले काय करत होते ते वर्तमानपत्रांत भरपूर आलं आहे: यादीतल्या मामा-मावशीपासून साहेबांपर्यंत सर्वांना संदेश. ब्रॉटनने पाहिलेलं धरणं, फक्त एका दाराऐवजी दोनशे दारांत.

कोपरखळी कुठे संपते आणि धमकी कुठे सुरू होते, हे ओळखायला मी एक घरगुती कसोटी वापरतो. हाच संदेश कर्जदाराच्या आईच्या फोनवर चुकून गेला तर पाठवणाऱ्याला लाज वाटेल का? वाटणार असेल तर तो पाठवू नये.

९. एका पत्राची दुरुस्ती

काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेने मला त्यांचं थकबाकीचं पत्र सुधारून द्यायला सांगितलं. मूळ पत्र असं होतं: ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की, आपले कर्जखाती थकबाकी असून सदर रक्कम तात्काळ न भरल्यास आपणाविरुद्ध व आपल्या जामीनदारांविरुद्ध कलम १०१ अन्वये वसुली दाखला घेण्यात येईल.’ रक्कम दुसऱ्या पानावरच्या तक्त्यात. कुणाला भेटायचं, कुठे भरायची, काही नाही. पहिल्याच हप्त्याला जामीनदार आणि कलम.

मी लिहिलं: ‘आपला जूनचा २,२०० रुपयांचा हप्ता यायचा राहिला आहे. आपल्या शाखेतल्या बहुतेक सभासदांचे हप्ते आले आहेत.’ (आधी विचारून घेतलं, हे खरं आहे ना. खोटं असतं तर लिहिलं नसतं.) ‘शुक्रवारपर्यंत शाखेत किंवा खालच्या क्रमांकावर भरता येईल. या महिन्यात जमणार नसेल तर शाखेत फोन करा, हप्ता पुढेमागे करता येतो का ते पाहू.’ खाली शाखाधिकाऱ्यांचं नाव. कलम १०१ तिसऱ्या पत्रासाठी राखून ठेवलं.

संचालकांच्या बैठकीत बाकी सगळं मंजूर झालं, शेवटच्या वाक्यावर गाडी अडली. अध्यक्ष म्हणाले, “अहो, असं लिहिलं तर सगळेच फोन करतील.”

वसुलीचं काम बघणारे गृहस्थ इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, “करू देत ना साहेब. आत्ता आपण करतो तर कुणी उचलत नाही.”

वाक्य राहिलं. छापून आलं तेव्हा त्याचा टाइप मात्र बाकीच्या पत्रापेक्षा दोन मापं लहान होता.